बाबांचं 'स्टार्ट' कोपऱ्यातच राहू द्या

ताई, नमस्कार.

मी पुण्यात मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखायचं काम करतो. कुठलं बटण कुठे असावं, यावर माझं घर चालतं. बाबा सांगलीला असतात. साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेत, वय ६९. त्यांचा जुना कॉम्प्युटर विंडोज १० वर होता. त्याचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले आणि त्या मशिनवर ११ काही चढेना, म्हणून पाडव्याला नवा घेऊन दिला. आठ दिवसांत बाबांनी नव्यावर कापड टाकलं आणि जुना पुन्हा टेबलावर आणला. बँकेचे व्यवहारसुद्धा त्यावरच चालतात, त्याची मला धास्ती वाटते. भजनी मंडळाचे हिशेब आणि पत्रं ते मराठीत टाइप करतात. त्या फाइली नव्या मशिनवर उघडल्या की म्हणे 'चिनी भाषा' दिसते.

अजून काय अडतंय विचारलं तर म्हणाले, "स्टार्टचं बटण रोज जागा बदलतं." मी म्हणालो, "बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." तेव्हापासून बोलणं तुटलंय. आमचं बोलणं तसं रविवारचंच. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतींत बाबा शुमाखर या ड्रायव्हरच्या काळापासून फेरारी संघवाले. रेस ते सांगलीत बघणार, मी पुण्यात, आणि फोन चालू. गेल्या तीन रेसला फोन नाही.

त्यात मी गाडी घ्यायच्या बेतात आहे. पसंत पडलेल्या गाडीत एसीपासून सगळं मधल्या मोठ्या स्क्रीनवर आहे. बायकोलाही ती आवडली. बाबा एवढंच म्हणाले, "मी चालवणार नाही." हे सगळं वयामुळे होतंय का? की मी त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकून त्याला जुन्या विंडोजचं रूप देऊ?

– बटणवाला, पुणे

*

बटणवाले, नमस्कार.

आधी एक करा. विंडोज ११ चा कॉम्प्युटर समोर घ्या आणि खालच्या पट्टीवर नजर ठेवून चार-पाच प्रोग्रॅम एकामागून एक उघडा. काय दिसलं? पट्टीवरची चिन्हं मध्यभाग धरून मांडलेली असतात. नवा प्रोग्रॅम उघडला की रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि तिच्या टोकाला असलेलं स्टार्टचं बटण डावीकडे सरकतं. प्रोग्रॅम बंद केले की ते पुन्हा उजवीकडे येतं. म्हणजे बाबांनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. बटण जागा बदलतं. चष्मा तुमचा तपासायला हवा.

रागावू नका, पण हे तुमच्या धंद्यातलं होतं म्हणून जास्त बोचलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने एका वाक्यात दोष नेमका सांगितला आणि बटणांवर पोट असलेल्या मुलाला तो ऐकू आला नाही. मी सोळा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. एमएस-सीआयटीच्या बॅचमध्ये एसटीचे कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, बढतीसाठी प्रमाणपत्र हवं असलेले तलाठी, सगळे यायचे. पहिल्या दिवशी निम्मे जण माउस टेबलावरून उचलून हवेत धरायचे. त्यांना मी काय सांगायचे? "स्टार्ट शोधायचं नाही. माउस डावीकडे खाली ढकला, आपोआप अडेल. अडला की दाबा." आठवड्याभरात लोक स्क्रीनकडे न बघता ते करायला लागायचे.

यामागे शास्त्र आहे, आणि तुम्हाला ते शिकवलं असणार. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मोजून मांडलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. स्क्रीनचा कोपरा या नियमात भाव खाऊन जातो, कारण माउस कितीही जोरात फेकला तरी कोपऱ्याच्या पलीकडे जात नाही. छोटं बटणसुद्धा तिथे हाताला भल्यामोठ्या दारासारखं लागतं. विंडोज ९५ आलं १९९५ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेव्हापासून स्टार्ट त्या कोपऱ्यात होतं. मध्ये २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं, इतका गिल्ला झाला की वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. मॅकचा डॉक, म्हणजे तिथली चिन्हांची पट्टीही, असाच पसरतो-आकसतो हे मला माहीत आहे, ती सबब देऊ नका. तिथला मुख्य मेनू १९८४ पासून वरच्या डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलाय.

तर वयामुळे होतंय का, या प्रश्नाचं उत्तर मी सांगलीऐवजी बाकूतून देते. तुमचं आणि माझं दोघांचं वेड एकच आहे, त्यामुळे समजायला सोपं जाईल.

६ जून २०२१, बाकूमधली अझरबैजानची ग्रां प्रि, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस. पुढे असलेल्या व्हर्स्टापेनचा टायर सरळ रस्त्यावर फुटला, लाल झेंडा लावून रेस थांबवली, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी गाड्या पुन्हा उभ्या राहून सुटणार होत्या. पेरेझ पहिला, मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन दुसरा. सुटण्याच्या इशाऱ्याचे दिवे विझले, हॅमिल्टन झकास सुटला, पेरेझच्या बरोबरीला आला, आणि पहिल्या वळणावर त्याची पुढची चाकं जाम होऊन धूर निघाला. गाडी वळलीच नाही, सरळ गेली. रेस संपली तेव्हा तो पंधरावा होता. झालं असं की पेरेझ अंगावर आला तेव्हा गाडी सावरताना हॅमिल्टनचा हात स्टीअरिंगवरच्या एका बटणाला लागला. त्या बटणाला त्यांच्या संघात 'ब्रेक मॅजिक' म्हणायचे. सुरुवातीच्या संथ फेरीत पुढचे ब्रेक आणि टायर तापावेत म्हणून ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर पुढच्या चाकांवर नेणारं ते बटण. संथ फेरीत वरदान, भर वेगात गळफास.

तेव्हा तो ३६ वर्षांचा होता आणि सात वेळचा जगज्जेता होता. त्याला कोणी म्हणालं का, "लुईस, चष्मा तपास"? मर्सिडीजने त्या बटणाला आडोसा बसवला, म्हणजे हात चुकून लागणार नाही. चूक हाताची झाली, दुरुस्ती बटणाची झाली. त्या वर्षीचं विजेतेपद तो ८ गुणांनी हरला, आणि एका विजयाचे गुण असतात २५. (अबुधाबीत झालेल्या त्या वर्षीच्या शेवटच्या, वादग्रस्त रेसचा विषय मी काढणार नाही. हा सल्ल्याचा स्तंभ आहे, भांडणाचा नव्हे.)

तुमचे बाबा फेरारीवाले आहेत, म्हणून पुढचं त्यांना माझ्याकडून सांगाच. हाच हॅमिल्टन बारा मोसम मर्सिडीजमध्ये काढून २०२५ मध्ये फेरारीत आला. नवं स्टीअरिंग, वेगळ्या जागी बटणं, वेगळ्या बनावटीचे ब्रेक, इंजिनाच्या ब्रेकिंगची वेगळी सवय. शांघायची छोटी स्प्रिंट त्याने जिंकली, पण अख्ख्या मोसमात मुख्य रेसमध्ये एकदाही पहिल्या तिघांत आला नाही. त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं. सगळा दोष स्टीअरिंगचा नाही, गाडीही काही फार धावत नव्हती. पण १०५ विजय नावावर असलेल्या माणसाला, दिमतीला इंजिनिअरांची फौज आणि सिम्युलेटर असताना, नवं यंत्र हातात बसायला वर्ष पुरलं नाही. बाबांना तुम्ही आठ दिवस दिलेत, आणि बहुधा फोनवरून.

हाताची स्मरणशक्ती डोक्यापेक्षा वेगळी असते. तुमच्या बाबांचा मराठी टाइपिंगचा हात बहुतेक रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असणार. त्यांच्या पिढीतल्या हापिसातल्या माणसांनी टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा दिलेली असते, तीच बोटं पुढे कॉम्प्युटरवर आली. त्यांना विचारा, 'क्ष' कुठल्या कळीवर आहे. सांगता येणार नाही. हवेत बोट हलवून बघतील आणि मग सांगतील. आणि इंग्रजीचा जो कीबोर्ड तुमच्या मोबाइलवर आहे, त्याची अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरवरून आलेली आहे. ती तुम्ही आजवर बदलून बघितलीत का? मग बाबांवरच का डाफरायचं!

आता ती 'चिनी भाषा'. माझ्या मते बाबांनी कापड टाकण्याचं खरं कारण हे आहे, स्टार्टचं बटण नुसतं निमित्त. बाबा कारखान्यात शिकले तेव्हा मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरमधून. त्यातले बरेचसे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचे. फाइलमध्ये साठवलेली असतात साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि तो विशिष्ट फॉन्ट ती पडद्यावर 'श्री विठ्ठल' म्हणून दाखवतो. फॉन्ट नसला की विठ्ठल जातो आणि खालची कचऱ्यासारखी अक्षरं उघडी पडतात. फाइली शाबूत असतात, पण बघणाऱ्याला वाटतं वीस वर्षांचं काम गेलं. त्या क्षणी बाबांच्या पोटात काय झालं असेल याचा विचार करा. मग तुम्ही फोनवर म्हणालात, चष्मा.

म्हणून सांगलीला गेल्यावर पहिलं काम हे. जुन्या कॉम्प्युटरवर भजनी मंडळाची एक फाइल उघडा आणि वर फॉन्टचं नाव बघून कागदावर लिहून घ्या. ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर नव्या मशिनवर रीतसर बसवून घ्या, लायसन्सची कटकट असेल तर सांगलीत ज्याने ते दिलं त्याला गाठा. सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि तो पेनड्राइव्ह बाबांच्या कपाटात, त्यांच्या हाताने ठेवू द्या. युनिकोडमध्ये बदलायचं ते नंतर, आणि फक्त प्रतींवर. विंडोजमध्ये मराठीचे कीबोर्ड आयते असतात, इनस्क्रिप्ट आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचाही, पण रेमिंग्टनवाल्या बोटांना दोन्हींचा उपयोग नाही. रेमिंग्टनची मांडणी देणारं सॉफ्टवेअर वेगळं घालावं लागतं, तेवढं घाला. बोटं बदलायला सांगू नका.

मग स्टार्ट. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्स, तिथे अलाइनमेंटमध्ये 'लेफ्ट'. अर्ध्या मिनिटाचं काम. बटण कोपऱ्यात जाऊन बसेल आणि हलणार नाही. उजव्या क्लिकचा जुना लांबलचक मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून उजवं क्लिक. हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. त्या उजव्या क्लिकच्या मेनूत आधी कट, कॉपी, पेस्टचे शब्द काढून नुसती चित्रं ठेवली होती. कात्री म्हणजे कट हे कळतं, पण दोन चौकोन म्हणजे कॉपी हे कुणाला जन्मतः माहीत असतं? पुढच्या एका अपडेटमध्ये त्या चित्रांखाली शब्द परत आले. जगभरातले बाबा ओरडले असणार, दुसरं काय.

हे सगळं करताना माउस तुमच्या हातात नको. क्लासमध्ये माझा हा एकच कडक नियम होता, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. तुम्ही माउस घेतलात की तीन सेकंदांत काम होतं आणि शिकणाऱ्याला फक्त एवढं कळतं की हे आपलं काम नव्हे. तोंडाने सांगा. बाबा चुकीच्या जागी गेले तर जाऊ द्या, आणि ते कुठे गेले ते बघा. तुमच्या कंपनीत यासाठी लोकांना पैसे देऊन बोलावतात ना? इथे चहाही मिळेल.

बँकेबद्दलची तुमची धास्ती मात्र रास्त आहे, त्यात बाबांची बाजू मी घेणार नाही. विंडोज १० चे फुकटचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मुदत वाढवून घेता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. ती नोंदणी आज करून टाका, म्हणजे नव्यावर हात बसेपर्यंत घाई नाही. बाबांना सरळ सांगा, पैशाचे व्यवहार नव्यावर, भजनी मंडळ सध्या जुन्यावर. अकाउंट्समधला माणूस आहे, दोन वह्या वेगळ्या ठेवणं त्याला शिकवायला नको.

लिनक्सचं म्हणाल तर नको. लिनक्स मिंट मला स्वतःला आवडतं, त्याचा मेनूही डाव्या कोपऱ्यात असतो, जुन्या मशिनवर पळतंही छान. पण बाबांचं मराठी सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेलं आहे, तिथे पुन्हा विठ्ठल गायब व्हायचा. हौस तुमची आहे, ती तुमच्या टेबलावर भागवा.

आता असं समजू नका की जुनं तेच सोनं म्हणणारी ही बाई आहे. २०१८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ती टायटॅनियमची कमान, 'हेलो', सक्तीची झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर कपाळाला हात लावला होता. स्लिपरचा पट्टा आणून बसवल्यासारखी दिसायची. तुमचे बाबाही करवादले असणार, विचारा. रोमेन ग्रोजाँ हा ड्रायव्हर तर स्वतः त्याच्या विरोधात बोलायचा. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत त्याची गाडी कठडा फोडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. जवळजवळ २८ सेकंदांनी तो त्या ज्वाळांतून चढून बाहेर आला. कठड्याची लोखंडी पट्टी त्याच्या डोक्याऐवजी हेलोने झेलली होती. नंतर त्याने उघडपणे कबूल केलं की हेलो नसता तर मी बोलायला उरलो नसतो. मी पण त्या दिवसापासून स्लिपर हा शब्द मागे घेतला. तेव्हा नव्याला माझी ना नाही. मी फक्त विचारते, सवय मोडल्याच्या बदल्यात काय मिळालं? हेलोने माणूस दिला. मधोमध आणलेल्या स्टार्टने काय दिलं, ते तुमच्यासारख्या जाणकाराने मला कळवावं.

आणि हाच प्रश्न घेऊन गाडीच्या शोरूममध्ये जा. 'वी बिलागारे' नावाच्या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये एक साधा प्रयोग केला. ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत ड्रायव्हरने चार-पाच नेहमीची कामं करायची, एसी बदलणं, रेडिओ लावणं, अशी. २००५ सालच्या बटणांच्या जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीत लागले ४४.९ सेकंद, गाडी गेली १३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून जास्त, आणि नजर अर्धी रस्त्यावर, अर्धी काचेवर. प्रयोग झाला तो मोकळ्या धावपट्टीवर, तिथे मध्येच म्हैस येत नाही. तुम्ही हे आपल्या पुणे-सांगली रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे, पाऊस सुरू झालाय आणि काचेवर वाफ धरलीय अशा वेळी करून बघायचं म्हणता का?

उत्पादकांनाही हे उमगायला लागलंय. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना खरं बटण वा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलं. फोक्सवॅगनच्या डिझाइनप्रमुखांनी २०२५ मध्ये सांगून टाकलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांची बटणं परत येणार. आणि फॉर्म्युला वनच्या स्टीअरिंगकडे बघा. वीसेक बटणं आणि फिरवायच्या चकत्या, रंग वेगळे, जागा पक्क्या, हातमोज्यातल्या बोटाला जाणवतील अशा. मधला स्क्रीन आहे, पण तो फक्त बघायला. तीनशेच्या वेगाने जाणाऱ्याला काचेवर बोट घासायला कुणी सांगत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातलं सांगते, कंपनीचं नाव राहू द्या. इंडक्शनची शेगडी घेतली, वरून एकदम गुळगुळीत काच, बटणं म्हणजे काचेवरच्या खुणा. दुकानात सुंदर दिसली. घरी पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं. ते पसरलं खुणांवर, शेगडी बीप बीप करायला लागली, दुधानेच तिचा टायमर चालू केला आणि माझ्या ओल्या बोटाला मात्र ती दाद देईना. शेवटी प्लगच्या बटणावर झडप घातली. आईने दुसऱ्या दिवशी कपाळावरची टिकली काढून बंद करायच्या खुणेवर चिकटवली. आता अंधारातही बोटाला कळतं. ही मर्सिडीजच्या आडोशाची सख्खी बहीण आहे, आणि किंमत आठ आण्यांच्या आत.

तेव्हा बाबांना शोरूममध्ये घेऊन जा. गाडी उभी असताना त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवा, नजर समोर ठेवायला सांगा आणि म्हणा, एसी दोन अंश कमी करा, मागची काच साफ करा, आवाज बंद करा, धोक्याचे दिवे लावा. मग तुम्ही बसा आणि तेच करा. तुम्हालाही नजर खाली न्यावी लागली, तर "मी चालवणार नाही" या वाक्याचा अर्थ कळेल. सूनबाईंनाही बसवा, चालवणार तर त्याही असतील. याच गाडीच्या खालच्या मॉडेलमध्ये कधीकधी एसीच्या गोल चकत्या शिल्लक असतात, त्याची चौकशी करा. सेल्समन 'व्हॉइस कमांड' म्हणेल. त्याला सांगा, आमच्या बाबांशी सांगलीच्या मराठीत बोलून दाखव म्हणावं तुझ्या गाडीला.

राहिला फोन. विषय हवा असेल तर आयता आहे. बाबांची एक तक्रार असणारच, हल्लीच्या गाड्या म्हणजे बोटी झाल्यात. शुमाखरच्या २००४ च्या गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट ६०५ किलो होतं, २०२५ मध्ये तो आकडा ८०० वर गेला. नव्या नियमांनी २०२६ साठी तो तीसेक किलोंनी उतरवला आणि गाड्या थोड्या आखूड आणि अरुंदही केल्या. म्हणजे इथेही बाबा बरोबर निघाले, एवढं मान्य करून सुरुवात करता येईल. जुन्या व्ही-१० इंजिनांच्या आवाजाबद्दल ते बोलायला लागले की मध्ये तोंड घालू नका, त्याला उत्तर नाही.

माफी मागताना लांबण लावू नका. "बटण खरंच सरकतं, मी बघितलं," एवढं पुरे. युरोपातली रेस आपल्याकडे बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसहाला सुटते. फोन सहाला करा. रेसचे दिवे लागल्यावर केलात तर बाबा उचलणार नाहीत, आणि तो राग असेलच असं नाही.

– ताई